दिव्यांच्या झाडाची कुळकथा

येत्या नाताळांत चर्चच्या अंगणांत दिव्यांचें एक उंच झाड उभें करावें, अशी इच्छा आमच्या तरुण मंडळींनीं बोलून दाखविली आहे. हें झाड लांकडाचें नव्हे. मध्यें एक खांब, त्याच्या माथ्यापासून जमिनीवरील लोखंडी कड्यापर्यंत चोहोंकडे उतरलेल्या दिव्यांच्या सरी, आणि त्या सरींतील प्रत्येक दिव्यास त्याचा रंग व त्याचा क्षण नेमून देणारें एक लहानसें यंत्र, असें त्याचें स्वरूप. वडील मंडळींपैकीं कित्येकांस हा थाट परका वाटला. कांहींनीं विजेच्या खर्चाचा प्रश्न काढिला. एका वयोवृद्ध नाखव्यांनीं मात्र एवढेंच विचारिलें, कीं हा उजेड समुद्रावरून कसा दिसेल? तिन्ही शंका आदराने ऐकण्याजोग्या आहेत, व त्यांचें उत्तर या झाडाच्या इतिहासांतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें. म्हणून या ज्युबिलीच्या अंकांत तो इतिहास वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम परकेपणाविषयीं. दिव्यांचें झाड या भूमीस मुळींच नवें नाहीं. जेजुरीच्या गडावर ज्या दगडी दीपमाळा उभ्या आहेत, त्या दुसरें काय आहेत? खालीं रुंद, वर निमुळता होत गेलेला खांब. त्याच्या अंगास फांद्यांप्रमाणें फुटलेले दगडी हात. आणि प्रत्येक हातावर एकेक दिवा ठेवण्यापुरती जागा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्रीं ती पेटली, म्हणजे अंधारांत दगड नाहींसा होतो व नुसतें ज्योतींचें झाड उरतें. गोव्यांत मंगेशीच्या देवळापुढें सात मजल्यांचा दीपस्तंभ आहे. त्याचे मजले व कमानी पाहिल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. गोव्यांतील देवळांच्या बांधणीवर युरोपी शिल्पाची छाया पडली, हें शिल्पाच्या अभ्यासकांनीं नमूद केलेलेंच आहे. तेव्हां उजेडाच्या बाबतींत शेजारधर्म दोन्हीकडून चालत आला आहे.

दीपमाळेची एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे, कारण पुढें तिचें काम पडणार आहे. तिच्या प्रत्येक दिव्यास माणसाचा हात लागतो. तेल घालणें, वात सारखी करणें, वाऱ्यानें विझलेली ज्योत पुन्हां लावणें, हें सर्व शिडीवर चढून एकेका दिव्याजवळ जाऊन करावें लागे. परंतु एक दिवा विझला म्हणून दुसरा विझत नसे. प्रत्येकाचें तेल प्रत्येकापाशीं.

आतां नाताळच्या झाडाकडे वळूं. स्ट्रासबुर्ग शहरीं इ. स. १६०५ मध्यें लोक घरांत झाड उभें करून त्यास कागदी गुलाब, सफरचंदें व गोड पापड्या बांधीत, असा उल्लेख सांपडतो. दिव्यांचें नांव त्यांत नाहीं. मेणबत्त्यांचा उल्लेख इ. स. १७०८ च्या एका पत्रांत येतो. फ्रान्सच्या राजघराण्यांत दिलेल्या लिझेलोट नांवाच्या जर्मन राजकन्येनें तें आपल्या मुलीस लिहिलें, व त्यांत आपल्या बाळपणच्या, फांदीफांदीवर मेणबत्ती लाविलेल्या लहान झाडांची आठवण काढिली. इंग्लंडांत ही चाल राजघराण्यांत आधींपासून होती, परंतु इ. स. १८४८ मध्यें राणी व्हिक्टोरिया व तिचा परिवार झाडाभोंवतीं उभा असलेलें चित्र एका सचित्र साप्ताहिकांत छापून आलें, तेव्हांपासून ती घरोघरीं गेली.

ही चाल मूळची बहुतांशीं उत्तरेकडील प्रॉटेस्टंट घरांतली. कॅथलिक घरांत मान होता तो गव्हाणीचा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनीं इ. स. १२२३ च्या नाताळांत ग्रेच्यो येथें ती जिवंत उभी केली, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. रोम येथें संत पेत्राच्या चौकांत नाताळचें झाड प्रथम उभें राहिलें तें पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दींत, इ. स. १९८२ मध्यें. तेव्हां ज्या वडिलांस झाड परकें वाटतें, त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हे. फक्त त्यांनीं त्याचा दोष तरुणांवर ठेवूं नये, इतकेंच. आमच्या किनाऱ्यावर सुरूची एखादी फांदी कुंडींत रोवून तिला चांदण्या बांधण्याचें काम आज आजोबाच करीत असतात.

मेणबत्त्यांचें झाड सुंदर खरें, पण घातकी. वाळत चाललेली पानें आणि उघडी ज्योत यांची संगत कशी होते, हें सांगावयास नको. झाड पेटवितांना शेजारीं पाण्याची बादली ठेवण्याची रीत युरोप-अमेरिकेंत होती. एडिसनच्या कंपनीचे एक चालक एडवर्ड जॉन्सन यांनीं इ. स. १८८२ च्या डिसेंबरांत न्यू यॉर्क येथील आपल्या घरीं झाडावर ८० विजेचे दिवे लाविले, ते तांबडे, पांढरे व निळे. आणि झाड एका पेटीवर बसवून तें विजेनेंच फिरतें ठेविलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्या शहरांत एडिसनचें वीजघर चालू झालें होतें. म्हणजे घरोघरीं वीज पुरविण्याचा धंदा आणि विजेचें नाताळझाड हीं एकाच वर्षाचीं भावंडें. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासांत विजेच्या दिव्यांचें झाड त्याच शतकाच्या अखेरीस आलें, आणि इ. स. १९२३ च्या नाताळाच्या आदल्या सायंकाळीं अध्यक्ष कूलिज यांनीं वॉशिंग्टन येथें ४८ फूट उंचीच्या झाडावरील २,५०० दिवे पेटविले. घरांतलें झाड त्या काळीं असें अंगणांत व चौकांत आलें. श्रीमंताच्या दिवाणखान्यांत कोंडलेली गोष्ट रस्त्यावरून जाणाऱ्या गरिबासही फुकट दिसूं लागली, हा बदल आम्ही दिव्यांच्या संख्येपेक्षां मोठा मानतों.

येथें आमच्या जिल्ह्याविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविणारें टाटांचें पहिलें जलविद्युत्‌घर खोपोली येथें इ. स. १९१५ मध्यें सुरू झालें; त्यामागून भिवपुरी व भिरा येथील सुरू झालीं. खोपोली, भिवपुरी व भिरा हीं तिन्ही ठिकाणें तेव्हांच्या कुलाबा, म्हणजे इ. स. १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यांतलीं. पाऊस आमच्या घाटावर पडे, पाणी आमच्या डोंगरावरून उतरे, आणि उजेड खाडीपलीकडे पडे. ज्यांचे वाडवडील रॉकेलच्या चिमणीशीं बसून, पाण्यापलीकडे उजळलेलें मुंबईचें क्षितिज पाहत, त्यांच्या नातवंडांनीं आपल्या अंगणांत दोन आठवडे दिव्यांचें झाड मिरवावें असें म्हटलें, तर त्यांस उधळे म्हणण्याचें आमच्या जिवावर येतें.

विजेच्या माळांनीं आगीचें भय पुष्कळ कमी केलें. पण दीपमाळेचा जो गुण वर सांगितला, तो घालविला. बाजारांतील लहान दिव्यांच्या जुन्या माळांत एकच प्रवाह एका दिव्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत जात असे. एक दिवा गेला, कीं सगळी माळ काळोखी. मग नाताळाच्या ऐन संध्याकाळीं घरांतील कर्ता पुरुष एकेक दिवा काढून, दुसरा घालून, आजारी कोण हें शोधीत बसे. शिवाय माळेंतील सर्व दिवे एकाच आज्ञेचे ताबेदार. पेटावयाचे तर सगळे, विझावयाचे तर सगळे. पुढें रंगभूमीच्या दिव्यांसाठीं इ. स. १९८६ मध्यें डीएमएक्स ५१२ नांवाची संकेतपद्धति ठरली, तीस अनुसरून एकाच तारेवरून अनेक दिव्यांस निरनिराळ्या आज्ञा देतां येऊं लागल्या. घरगुती रोषणाईंतही माळांचे गट पाडून ते गट यंत्रानें चालविण्याची हौस वाढली. अमेरिकेंत ओहायो प्रांतीं मेसन गांवच्या एका गृहस्थानें सुमारें १६,००० दिवे ८८ गटांत वांटून ते संगीताच्या तालावर नाचविले. त्याचें चलच्चित्र इ. स. २००५ मध्यें जगभर गेलें. परिणाम असा झाला, कीं पाहणाऱ्यांच्या मोटारींनीं त्याची वस्ती भरून गेली, आणि जवळच एक अपघात झाल्यावर त्यानें ती रोषणाई बंद केली. उजेड उभारणाऱ्यानें वाटेचाही विचार करावा लागतो.

आतां ज्या दिव्यांनीं आमच्या तरुणांस भुरळ घातली आहे, त्यांच्याकडे येऊं. यांत तापून उजळणारी तार नाहीं. अर्धवाहक स्फटिकांतून प्रवाह गेला असतां तो स्फटिकच प्रकाश देतो, हाच एलईडी. डोळ्यांस दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनीं इ. स. १९६२ मध्यें केला. पण तेजस्वी निळा साधावयास आणखी तीस वर्षें लागलीं, व त्यासाठीं आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस इ. स. २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. निळा आला तेव्हां तांबडा, हिरवा व निळा असें त्रिकूट पुरें झालें, आणि तिघांच्या मिश्रणानें पाहिजे तो रंग काढतां येऊं लागला. इ. स. २०१० नंतरच्या थोड्या वर्षांत या तिघांच्या जोडीला एक अतिसूक्ष्म यंत्रमंडल एकाच डबींत बसविण्यांत आलें. डब्ल्यूएस २८१२ हें त्यांतलें सर्वांत परिचित नांव; ती डबी पांच मिलिमीटर लांबरुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याहून फारशी मोठी नव्हे. कारागीर तीस पिक्सेल म्हणतात. आम्ही येथें मणी म्हणूं.

या मण्यांची रीत मोठी कौतुकाची आहे. यंत्र एका तारेवरून सर्वांसाठीं लागोपाठ संदेश सोडतें. एका मण्याचा संदेश २४ खुणांचा, प्रत्येक रंगास ८ खुणा. पंगतींत वाढप्यानें भरलेलें पात्र पहिल्या पानापाशीं ठेवावें, त्यानें आपला वांटा काढून घेऊन पात्र पुढें सरकवावें, दुसऱ्यानेंही तसेंच करावें, तसा हा प्रकार. पहिला मणी पहिल्या २४ खुणा स्वतःसाठीं ठेवितो व उरलेला संदेश नीट करून पुढच्यास देतो. कोणत्याही मण्याच्या अंगावर त्याचा पत्ता कोरलेला नसतो. रांगेंत तो कितवा, हाच त्याचा पत्ता. म्हणून मधला एक बिघडलेला मणी काढून तारा नुसत्या जोडून टाकिल्या, तर मागचे सगळे एकेक पाऊल पुढें सरकतात, आणि झाडावर काढिलेल्या चांदणीचा एक कोपरा वांकडा होतो. काढिलेल्याच्या जागीं दुसरा बसविलाच पाहिजे.

या रीतींत दीपमाळेचा गुण अर्धा परत आला, पण अर्धाच. प्रत्येक दिव्यास स्वतःचा रंग मिळाला, परंतु संदेश मात्र शेजाऱ्याच्या हातून यावयाचा. एकानें पात्र पुढें सरकविलें नाहीं, तर त्याच्या मागची सारी पंगत उपाशी. अलीकडील कांहीं जातींच्या मण्यांत संदेशाची दुसरी तार असते, तीमुळें एकच मणी मेला तर पुढचा त्यास ओलांडून संदेश घेतो. किंचित्‌ अधिक पैसे देऊन असेच मणी घ्यावे, असें आमचें मत आहे.

प्रत्यक्ष झाडाचा हिशोब करून पाहूं. खांब ६ मीटर उंच आणि खालचें कडें मध्यापासून २ मीटर अंतरावर धरलें, तर माथ्यापासून कड्यापर्यंत एक सर सुमारें ६.३ मीटर भरते. दर दहा सेंटिमीटरवर एक मणी, म्हणजे सरीस ६३. आणि सरी १६ धरल्या, तर मणी १,००८. सर्व मणी पूर्ण पांढऱ्या तेजानें जळाले, तर प्रत्येकास ५ व्होल्ट दाबाखालीं जास्तींत जास्त ६० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. सगळ्यांचा मिळून ३०० वॉटच्या आंतबाहेर. हजार वॉटच्या इस्त्रीच्या तिसऱ्या हिश्शाहून हें कमी. नाताळाच्या पूर्वसंध्येपासून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, चौदा रात्री रोज पांच तास जाळिले, तरी खर्च २१ युनिट. पुरवठ्याच्या पेटींतील घट धरून पंचविसापर्यंत. रंगीत चित्रांत सर्व मणी पूर्ण तेजानें कधींच जळत नसल्यामुळें प्रत्यक्षांत याहूनही कमी. इतकेच दिवे जुन्या पद्धतीचे, पांच वॉटचे, असते तर साडेतीनशें युनिट गेले असते. खर्चाच्या शंकेस याहून निराळें उत्तर देण्याची गरज नाहीं.

तथापि वॉट थोडे म्हणून काम सोपें, असें मात्र समजूं नये. दाब कमी असल्यामुळें प्रवाह साठ अँपिअरपर्यंत चढतो, आणि तो बारीक तारेंतून लांबवर नेऊं गेल्यास वाटेंतच दाब गळतो. मग सरीच्या शेवटच्या मण्यांत निळा व हिरवा आधीं मंदावतात, तांबडा टिकून राहतो, व पांढरा म्हणून पाठविलेला रंग पिवळट होऊन बसतो. यावर उपाय एकच: प्रत्येक सरीस खालच्या कड्यापासून स्वतंत्र जाड तारेनें वीज द्यावी, म्हणजे एका तारेवर चार अँपिअरहून कमीच भार येतो. संदेशाच्या बाबतींतही तेंच. सर्व १,००८ मणी एकाच रांगेंत जोडले, तर दर मण्यास सेकंदाचे तीस दशलक्षांश भाग याप्रमाणें एक चित्र सर्वांपर्यंत पोंचण्यास ३० सहस्रांश सेकंद लागतात. डोळ्यास तें चालतें. पण दहावा मणी गेला कीं उरलेले ९९८ अंधारांत. सरीगणिक संदेशाची तार वेगळी ठेविली, तर जाईल ती एक सर. तारा वाढतील, गुंता वाढेल, तरी आम्ही हाच मार्ग पसंत करूं.

खांब कसा उभा करावा, हें आमच्या किनाऱ्यास कोणीं शिकवावयास नको. डोलकाठीस जसे चोहों अंगांनीं दोर ताणून बांधतात, तसेच या खांबासही ताणदोर हवेत. आणि ते जमिनींत खोल रोविलेल्या खुंट्यांस बांधलेले हवेत, सरींच्या कड्यास नव्हेत. डिसेंबरांत पहांटेचे मतलई वारे व दुपारनंतरचे खारे वारे यांची दिशा रोज उलटते. म्हणून एकाच बाजूचा ताण पाहून समाधान मानूं नये. इटलींत गुब्बियो गांवच्या लोकांनीं ही अडचणच टाळली. त्यांनीं इ. स. १९८१ पासून इन्जिनो डोंगराच्या उतारावरच तारा पसरून सुमारें ६५० मीटर उंचीचें दिव्यांचें झाड आंखिलें, इ. स. २०११ मध्यें पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं तें रोममध्यें बसूनच पेटविलें. आमच्यापाशीं तसा उतार नाहीं, आणि असता तरी तो आम्ही समुद्राच्या बाजूचा निवडला नसता.

कां, तें नाखव्यांच्या प्रश्नांत आहे. रात्रीं चालणाऱ्या नावेच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा असतो. समोरून कोण, कोणत्या दिशेस चालला आहे, हें त्यावरूनच कळतें. दीपगृहाची ओळख त्याच्या लुकलुकण्यावरून पटते: किती वेळां, किती सेकंदांनीं. खांदेरीचें दीपगृह इ. स. १८६७ पासून हेंच काम करीत आहे. अशा पाण्याकडे तोंड करून तांबडे, हिरवे, मिचकावणारे हजार दिवे लाविले, तर करंजाकडून येणाऱ्या होडीस किंवा भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचीस रेवसच्या धक्क्यावरचा खरा दिवा त्या गर्दींत शोधावा लागेल. हा किनारा समुद्राशीं थट्टा करीत नाहीं. इ. स. १९४७ च्या १७ जुलै रोजीं मुंबईहून रेवसकडे येणारी रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती वेळ सकाळची होती, दिव्यांचा त्यांत कांहीं संबंध नव्हता. पण ज्या गांवांत अशी आठवण आहे, तेथें नाखव्याच्या शंकेस हंसून चालत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी, कीं झाड धक्क्यावर किंवा पाण्याच्या कांठीं नव्हे, तर चर्चच्या इमारतीच्या आंतल्या, जमिनीकडील बाजूस उभें करावें. म्हणजे इमारतच समुद्राकडे आडोसा होईल. समुद्राच्या दिशेच्या सरी गाळून सोळाऐवजीं दहाच ठेविल्या, तरी शोभा कमी होत नाहीं. माथ्यावरील चांदणी स्थिर व पांढुरकी ठेवावी, मिचकावती नको. आणि पहिल्या रात्रीं कोणी तरी होडींतून बाहेर जाऊन तें खरोखर दिसत नाहीं ना, याची खात्री करून घ्यावी. हें काम त्या नाखव्यांनींच पत्करलें आहे.

राहिला मिठाचा प्रश्न. खारी हवा तांब्याच्या उघड्या सांध्यास पंधरा दिवसांत हिरवें करते. सबब पाणी न शिरेल असेच आवरणाचे मणी घ्यावे, व प्रत्येक सांधा आवळणाऱ्या नळींत घालून बंद करावा. पुरवठ्याची पेटी छपराखालीं, मुलांच्या हातास न लागेल अशा उंचीवर असावी. तिला भूसंपर्क असावा व मुख्य तारेवर ईएलसीबी असावा. हें परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावें. हौशी हातांसाठीं खालचें काम पुष्कळ आहे. सण संपला म्हणजे सरी गोड्या पाण्यानें पुसून, सावलींत वाळवून, क्रमांक घातलेल्या फळ्यांवर वेगवेगळ्या गुंडाळाव्या, आणि पावसाळ्यापूर्वीं कोरड्या पेटींत ठेवाव्या. वीस-पंचवीस जास्तीचे मणी त्याच खरेदींत घेऊन त्याच पेटींत ठेवावे, कारण निरनिराळ्या वेळीं केलेल्या मण्यांचा पांढरा सारखा नसतो, आणि पुढल्या वर्षीं बसविलेला नवा मणी दुरूनही ठिगळासारखा दिसतो.